मुएवेलो, पाव्हणं!

मे महिन्यात परळीत परण्या, म्हणजे नवरदेवाची मारुतीच्या देवळाकडची मिरवणूक निघाली, की नवरदेव घोड्यावर आणि मुहूर्त वाऱ्यावर असतो. देऊळ हाकेवर, पण डीजेची गाडी पुढं आणि पोरं तिच्याही पुढं. नवरदेवाचे मामा डोक्याला उपरणं गुंडाळून ओरडत असतात, "सरका रे, सरका की पुढं!" एकही माणूस जागचा हलत नाही. तेवढ्यात भोंग्यातून कुणीतरी स्पॅनिशमध्ये 'मुएवेलो!' म्हणून केकाटतं आणि अख्खी गल्ली हलते.

मुएवेलो म्हणजे 'ते हलव'. काय हलवायचं, ते मात्र सांगत नाहीत. मग ज्याचं जे सुटलेलं असेल, ते तो हलवतो. थर्मल वीजकेंद्रातून रिटायर झालेले आमचे एक काका फक्त पोट हलवतात. हातपाय, मान, चेहरा जागच्या जागी. शर्टाचं खालचं बटण तेवढं जिवावर उदार.

स्पॅनिश लोकांनाही मानपान कळतो. सलगीत 'बाइला', म्हणजे नाच. अदबीनं 'बाइले', म्हणजे नाचा. पण गाण्यात सगळा अरेतुरेचाच कारभार. परळीत हे चालायचं नाही. दाजींना कुणी 'नाच' म्हटलं, तर ते जेवायला बसायचे नाहीत. त्यांना "या की दाजी, पाय मोकळे करा जरा" म्हणत दंडाला धरून ओढावं लागतं. ते आधी नाही-नाही म्हणतात. मग एकदा सुरू झाले, की थांबवायला माणसं लावावी लागतात.

या स्पॅनिश गाण्यांतलं 'लोस देल रिओ' या सेव्हिलकडच्या जोडीचं 'माकारेना' १९९३ चं. १९९६ मध्ये त्याचं रिमिक्स अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १४ आठवडे पहिलं होतं. त्यात कुठला हात कधी कुठं ठेवायचा, हे ठरलेलं. आमची पोरं दोन हातांपर्यंत शिस्तीत जातात, तिसऱ्याला नागीण होतात.

पुढं २०१७ मध्ये लुइस फोन्सीचं 'देस्पासितो' आलं. ते तर १६ आठवडे पहिलं! देस्पासितो म्हणजे 'हळूहळू'. परळीनं मनापासून पाळलेला स्पॅनिश हुकूम हाच. पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं छापलेली असतात, दीड वाजता परण्या अजून पानटपरीपाशी, आणि मंडपात मुठीतल्या अक्षतांचा घामानं भात व्हायला आलेला.

तेव्हा परळीत पोरगी देणाऱ्या बापांना एकच विनंती. याद्या करतानाच व्याह्यांकडून कबूल करून घ्या : 'देस्पासितो' वाजेल, पण अक्षता पडल्यावर. मामांच्या भरवशावर राहू नका.