समाचाराला येताना

नवापूर तालुक्यात जनावर आजारी पडलं की बातमी थेट दिल्लीला पोचते, असा आमचा लौकिक आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातल्या कोंबड्यांमध्ये पहिला बर्ड फ्लू सापडला, तो इथल्याच पोल्ट्र्यांत. पांढऱ्या पोशाखातली माणसं उतरली, लाखांनी कोंबड्या पुरल्या गेल्या. २०२१ मध्ये पुन्हा तेच. तेव्हा विसरवाडीत आमच्या घरचा मासा आजारी पडल्यावर तालुक्याला तरी खबर जावी, अशी माझी माफक अपेक्षा होती. ती गेली फक्त गल्लीत. पण गल्लीत अशी गेली, की घरातल्या खुर्च्या कमी पडल्या.

मासा म्हणजे गोल्डफिश, सुरतेहून आणलेला. सुरतेहून सोनं आणायची आपली रीत १६६४ पासूनची आहे. महाराजांनी ते घोड्यांवर लादून आणलं, आम्ही एसटीतून पाण्याच्या पिशवीत. त्याचा रंग आणि घेर बघून धाकटीने नाव ठेवलं ‘शेठ’. शेठची पेढी टीव्हीशेजारी. एका सकाळी शेठ पाण्यावर उताणे तरंगत होते. कल्ले हलत होते, डोळे उघडे होते. पण डोळ्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. या माशाला पापण्याच नसतात; तो झोपलेला असो, गेलेला असो की तुमच्यावर रुसलेला असो, चेहरा तोच.

“अंगात ताप आहे का?” आईने पहिला प्रश्न टाकला. माशाचं अंग पाण्याइतकंच गरम असतं, असं मी सांगितलं. तिने टाकीच्या काचेला पालथा हात लावला आणि म्हणाली, “मग टाकीलाच आलाय.”

शेजारचे आप्पा आले. आमच्या तालुक्याला उकाईच्या धरणाचं पाणी लागलेलं. इथे माशाची तब्येत विचारतात ती ताजा आहे का, एवढ्यापुरती. आप्पांनी बाजारातल्या सवयीने वाकून पाहिलं. “कल्ले लाल आहेत, डोळा चकचकीत आहे. माल चांगला आहे,” असा निर्वाळा दिला. गोल्डफिश आणि रोहू एकाच कुळातले, हे मी त्यांना उगाच सांगून बसलो. त्यानंतर त्यांची नजर बदलली.

गुरांच्या डॉक्टरांना फोन लावला. “वजन किती?” त्यांनी विचारलं, डोस वजनावर ठरतो. “पन्नासेक ग्रॅम असेल.” पलीकडे बराच वेळ शांतता. “सर, माझ्याकडची सगळ्यात लहान सुई त्याच्या आरपार जाईल.” राज्याचं पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे, पण ते नागपूरला; म्हणजे अर्धं राज्य ओलांडून. डॉक्टर मात्र भला माणूस. म्हणाले, “पेशंटचं नंतर बघू. आधी पाणी बघा. आणि त्याला खायला कोण घालतं, ते विचारा.”

मग घरात जबान्या झाल्या. सकाळी पूजा झाल्यावर आई घालते. शाळेत जाताना धाकटी घालते. दुपारी आई पुन्हा घालते, कारण तो तोंडाची उघडझाप करतो आणि तिला ते बघवत नाही. संध्याकाळी येणारा प्रत्येक पाहुणा घालतो. प्रत्येकाचं म्हणणं एकच : “मी फक्त चिमूटभर!”

गोल्डफिशला जठर नसतं. खाल्लेलं थेट आतड्यात जातं. म्हणजे पोट नाही आणि पोटाचा विकार मात्र आहे. आतडं फुगलं की त्याचा दाब आतल्या हवेच्या पिशवीवर येतो, तोल जातो आणि मासा उलटा होतो. या पिशवीला पुस्तकात वाताशय म्हणतात. तो शब्द कानावर पडताच आई ओव्याची बरणी घेऊन आली. तिला आवरावं लागलं. शिवाय न खाल्लेले दाणे तळाशी कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो, आणि शेठला त्यातच श्वास घ्यायचा असतो.

आधी उपवास झाला, तोही साबुदाण्याविना. मग उकडलेला वाटाणा. तोही सालपट काढून, नखाएवढा चुरून. बाजारात भाजीवाल्या मावशींनी विचारलं, “किती देऊ?” खरं उत्तर ‘एक दाणा’ होतं, ते सांगायला काही धजावलो नाही, पावशेर घेतले. शेठनी तो हिरवा कण तोंडात घेतला, थुंकला, पुन्हा घेतला, पुन्हा थुंकला. आई म्हणाली, “मीठ नाही ना त्याला!”

मीठही आलंच. मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, असं आपण म्हणतो. गोड्या पाण्यातला मासा ते जवळजवळ पीतच नाही. पाणी कल्ल्यांतून, कातडीतून आपोआप आत शिरतं आणि मूत्रपिंडं ते बाहेर काढत बसतात. ती थकली की अंग सुजतं, खवले उभे राहतात, आणि मग फारशी आशा नसते. पाण्यात लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅम मीठ असलं, की त्यांचं काम हलकं होतं. मी तराजूवर खडेमीठ मोजत असताना आप्पा दारात उभे. “मीठ ते व्हयनं,” ते म्हणाले, “आते मसालाच बाकी शे!”

रोज रात्रभर बादलीत ठेवलेलं पाणी घालून टाकीतलं चौथाई पाणी बदलायचं, पण फिल्टरसकट टाकी लखलखीत घासायची नाही. अमोनिया पचवणारे जिवाणू त्या फिल्टरच्या काळपट स्पंजात राहतात, आणि ते जमायला काही आठवडे लागतात. हे आईला पटवणं हा उपचारातला सर्वांत अवघड भाग होता. शेवटी मनूची गोष्ट कामी आली. ओंजळीत आलेला इवला मासा मनूने आधी मडक्यात ठेवला, मग तळ्यात, नदीत आणि शेवटी समुद्रात. त्याने औषध दिलं नाही, काढा दिला नाही. फक्त दर वेळी जास्त पाणी दिलं. तेवढ्यावर त्या माशाने प्रलयात त्याची नाव ओढली. आईने गोष्ट ऐकली आणि टीव्ही आतल्या खोलीत हलवायला परवानगी दिली. टीव्हीच्या जागी आता मोठी टाकी आहे.

शेठ हळूहळू कुशीवर आले, मग सरळ झाले. प्रलयात ते आमच्या कितपत उपयोगी पडतील सांगता येत नाही, पण तूर्त प्रकृती ठीक आहे. समाचाराला अजून माणसं येतात. त्यांनी जरूर यावं, चहा घ्यावा, हवं तर सल्लाही द्यावा. फक्त टाकीपाशी जाताना हात रिकामे असावेत, आणि चिमूट उघडी.