विमान गोव्याचं, गाडी दारातली

कोल्हापूरकराच्या घरापासून अर्ध्या दिवसाच्या अंतरात सहा विमानतळ आहेत. गावचा उजळाईवाडीचा, बेळगावचा सांबऱ्याचा, पुण्याचा लोहगावचा, सिंधुदुर्गात चिपीचा आणि गोव्यात दाबोळी नि मोपा असे दोन. इतके विमानतळ हाताशी असलेल्या माणसाने खरं तर रस्त्याचं नावही काढू नये. पण आमचा विमानप्रवास सुरू होतो तो पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीत, डिकीत बॅगा आणि मांडीवर चटणीचा डबा घेऊन.

विमानाचं आम्हाला अप्रूप नाही, हे आधी सांगितलेलं बरं. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली, उजळाईवाडीला विमानतळ झाला. पुढे विमानं कधी आली, कधी गेली. मध्ये काही वर्षं धावपट्टी होती आणि विमान नव्हतं. २०१८ साली उडान योजनेत पुन्हा घरघर सुरू झाली. १० मार्च २०२४ ला नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं आणि ते बघायलाच निम्मं गाव जाऊन आलं. आता हैदराबाद, बेंगळुरू, मुंबई असं थेट जाता येतं. तरीही घरातल्या मुलाला जिथं जायचं असतं, नेमक्या त्या गावाला, नेमक्या त्या दिवशी, परवडेल अशा भावात इथून विमान नसतं. मग तो मोबाइलमधून मान वर न काढता जाहीर करतो, "गोव्यातनं स्वस्त पडतंय."

या एका वाक्यावर घरात अर्थसंकल्पी अधिवेशन भरतं. तिकिटात वाचलेले पैसे गाडीला जाणार, हे वडिलांना लगेच कळतं. काकांचं मत पुण्याला, कारण पुण्याचा रस्ता 'सरळ' आहे. कागलपासून साताऱ्यापर्यंत रस्त्याचं काम चालू झाल्यापासून तो किती सरळ उरलाय, हे त्यांनाही ठाऊक असतं, पण मत बदलणं हा काकांचा स्वभाव नव्हे. आत्याला बेळगाव बरं वाटतं. तिथं तिची नणंद राहते. शेवटी गोवाच ठरतं, आणि मग गाडीचा विषय निघतो.

हल्ली गाडी मोबाइलवरही ठरते. घरापासून विमानतळापर्यंत, दारातून दारात, फक्त तुमच्यासाठी. तिथल्या अर्जात फार सभ्य प्रश्न असतात. कुठून, कुठे, किती माणसं, किती बॅगा, विमानाचा क्रमांक काय. विमान उशिरा उतरलं तरी गाडीवाला थांबेल, हातात तुमच्या नावाचा फलक असेल, असं आश्वासन असतं. सगळं इतकं नीटनेटकं की आपण चुकून दुसऱ्याच्या आयुष्यात शिरलोय असं वाटावं. मुलगा सगळे रकाने भरतो. शेवटचं बटण दाबायच्या आत वडील गल्लीच्या कोपऱ्यावरच्या मामांना फोन लावून मोकळे झालेले असतात.

"मामा, गाडी पाहिजे होती."

"कुठं?"

"मोपा."

"कोण चाललंय? धाकटा? लग्नाचं कुठवर आलं त्याचं?"

किती माणसं, हा प्रश्न मामांना पडत नाही. कोण चाललंय हे कळलं की सोडायला किती येणार हे त्यांना आपोआप कळतं. धाकटा नोकरीला चालला असेल तर पाच सीटची गाडी पुरते. परदेशी चालला असेल तर सात सीटची लागते. निघायची वेळही मामा विचारत नाहीत. "निघायचं कवा ते तुमी सांगू नगा, इमान कितीला हाय तेवढं सांगा," एवढंच म्हणतात. भाड्याचं गणितही तिथंच सुटतं: किलोमीटरचा दर, टोल, ड्रायव्हरचा भत्ता, आणि गाडी एकेरी असली तरी भाडं दुहेरी. गोव्यातला टॅक्सीचा मामला नाजूक आहे. बाहेरच्या गाडीनं तिथल्या विमानतळावरून प्रवासी उचलला की हुज्जत ठरलेली. त्यामुळे मामा येताना मोकळे येणार आणि त्या मोकळेपणाचे पैसे आपण देणार. यात तक्रारीला जागा नाही. सगळ्यांना हे पाठ असतं. तरी दर वेळी घासाघीस होते, कारण ती न करता गाडी ठरली तर मामांनाच चैन पडणार नाही.

आता दारातून दारात म्हणजे कुठल्या दारातून? शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत ज्यांचं घर आहे त्यांनी हा प्रश्न विचारून बघावा. दार बोळात असतं, बोळाच्या तोंडाशी दुचाक्या लावलेल्या असतात, आणि कुणाच्या तरी घरी कार्य असल्यामुळे मांडव पडलेला असतो. नकाशातली टाचणी बरोबर घराच्या छपरावर रोवलेली असली तरी छपरातून बॅग उतरवता येत नाही. इथं पत्ता तालमीवरून चालतो. "कुठल्या तालमीपाशी?" एवढं विचारलं की गाडी बरोबर येते. मात्र पाटाकडील आणि दिलबहार या तालमींचा फुटबॉल सामना शाहू स्टेडियमवर असेल त्या संध्याकाळी विमानाचं तिकीट काढू नये. त्या दिवशी गाडी येत नाही, ड्रायव्हरही येत नाही. दोघं कुठे आहेत ते आरडाओरड्यावरून कळतं.

निघायची वेळ हा मोठा अभ्यासाचा विषय आहे. कोल्हापूर ते मोपा अंतर दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, रस्ता चांगला असला तर चार तास. विमान दुपारी दोनला. विमानतळावर दोन तास आधी पोचायचं, म्हणजे आठला निघालं तरी चालेल, असं मुलाचं म्हणणं. वडील त्यात पंक्चरचा एक तास घालतात. आई घाटातल्या धुक्याचा घालते. काका आजवर एकदाही गवा आडवा आलेला नसताना गव्याचा अर्धा तास घालतात. आजी काहीच घालत नाही, ती नुसती म्हणते, "लवकर गेलेलं बरं." हा सगळ्यात मोठा आकडा असतो. अशा रीतीनं दोनच्या विमानासाठी पहाटे पाचला गाडी उभी राहते, आणि मामा पावणेपाचलाच हॉर्न वाजवून सबंध बोळाला कळवतात की धाकटा चाललाय.

गाडी खासगी असते असं त्या अर्जात लिहिलेलं होतं. ही गोष्ट शहर सोडायच्या आतच खोटी ठरते. "जाताच आहात तर" या तीन शब्दांनी ती खोटी ठरते. जाताच आहात तर शेजारच्या पोराला निपाणीला सोडा, त्याची परीक्षा आहे. जाताच आहात तर हा डबा आजऱ्याला द्या. जाताच आहात तर सावंतवाडीला वहिनींचं औषध पोचवा, रस्त्यावरच घर आहे. रस्त्यावर घर असलेला नातेवाईक कधीच रस्त्यावर राहत नाही. तो रस्त्यापासून दोन किलोमीटर आत राहतो आणि चहा घेतल्याशिवाय सोडत नाही. काकांनी गव्याला दिलेला अर्धा तास अशा वेळी कामी येतो.

रस्ता मात्र दृष्ट लागण्यासारखा. कागल सोडलं की कोगनोळीला कर्नाटक लागतं. शहरातला टोल आंदोलन करून घालवलेला कोल्हापूरकर इथं फास्टॅगचा 'टुक' आवाज ऐकून एक उसासा टाकतो आणि गप्प बसतो. पुढे निपाणी, मग आजरा म्हणजे पुन्हा महाराष्ट्र, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि शेवटी गोवा. एका सकाळीत तीन राज्यं होतात. मामांच्या गाडीचं परमिट, विमा, पीयूसी असं सगळं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सनशेडला अडकवलेलं असतं, आणि पाटी बघून कुणी हात दाखवला की ती पिशवी बाहेर निघते. कुणाचा आग्रह राधानगरीवरून फोंडा घाटाने जायचा असतो, कुणाचा गगनबावड्याचा. मामा सगळ्यांचं ऐकून घेतात आणि आंबोलीनेच जातात.

आंबोली पावसाळ्यात असेल तर बोलायलाच नको. शनिवार-रविवारी धबधब्यापाशी गाड्यांची रांग, भिजलेली पोरं, कणसाच्या शेगड्यांचा धूर. वळणावर धुकं असं उतरतं की पुढच्या गाडीचा तांबडा दिवा तेवढा दिसतो. मामा काच खाली करून मान बाहेर काढतात, वायपरवर भरवसा ठेवत नाहीत. मागच्या सीटवर सगळे एकदम शांत होतात. मुलगा मोबाइलवर बघून म्हणतो, "अजून सत्तावन्न किलोमीटर दाखवतंय." मामा म्हणतात, "त्याला काय जातंय दाखवायला?"

आणि मग येतो तो प्रश्न, ज्याच्यापुढे पंक्चर आणि गवे किरकोळ. साधारण बांद्याच्या आसपास कुणीतरी सहज विचारतं, "मोपाच ना?"

गाडीत शांतता. गोव्यात २०२३ पर्यंत हा प्रश्न नव्हता. दाबोळीचा एकच विमानतळ, पोर्तुगीज काळातला, नौदलाच्या तळावरचा. पेडण्यात मोपाच्या पठारावर मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ झाला, ११ डिसेंबर २०२२ ला त्याचं उद्घाटन आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमानं सुरू. एक विमानतळ राज्याच्या उत्तर टोकाला, दुसरा वास्कोजवळ. तिकिटावर दोन्हीकडे 'गोवा' असतं. मोपाच्या दारात उभं राहिल्यावर विमान दाबोळीचं निघालं, तर मध्ये शापोरा, मांडवी आणि जुवारी अशा तीन नद्या ओलांडायच्या राहिलेल्या असतात. पूल झालेत, पण पुलावर आपल्यासारखेच दुसरेही असतात. त्यामुळे तिकीट पुन्हा उघडलं जातं, ते मोठ्यानं वाचलं जातं, आणि मोपाच आहे हे कळल्यावर इतका वेळ दडपलेली भूक सगळ्यांना एकदम लागते.

पहाटे पाचला निघालेली ही मंडळी अकराला पोचतात. मुलाचा हिशेब दोन तासांनी चुकतो, वडिलांचा बरोबर येतो, हे ते तिथंच उभ्याउभ्या सिद्ध करून दाखवतात. आता निरोप. सहा तास एका गाडीत बसून आलेल्या माणसांना निरोपासाठी मिळतात जेमतेम दोन मिनिटं. ज्याच्याकडे तिकीट त्यालाच आत प्रवेश, बाकीच्यांनी दाराबाहेर. मागे गाड्यांची रांग, शिट्टी मारणारा रखवालदार. त्या दोन मिनिटांत पाया पडणं, पाठीवर हात फिरवणं, चार्जर घेतलास का, पोचल्यावर फोन कर आणि "रडू नकोस गं" हे सगळं उरकायचं असतं. याच वेळी आईला आठवतं की चटणीचा डबा मांडीवरच राहिला. कांदा-लसूण चटणी हातातल्या बॅगेत चालत नाही. वाळकं खोबरं विमानात नेऊ देत नाहीत, पण चटणीत वाटून घातलेलं खोबरं मोठ्या बॅगेतून बिनबोभाट जातं, हे ज्ञान कोल्हापूरच्या प्रत्येक आईला आहे. फुटपाथवर बॅग उघडली जाते. कपडे बाहेर, डबा आत, पुन्हा कपडे आत. शिट्टीवाला तोंडातली शिट्टी काढून हसतो. त्याच्याही घरी आई असणार.

परतीचं भाडं दिलेलं असल्यामुळे परतीची गाडीही फुकट जाऊ देत नाहीत. सोडायला आलेल्यांना आता समुद्र आठवतो. इतक्या लांब आलोच आहोत तर, असं म्हणून एक जेवण होतं, सावंतवाडीला लाकडी खेळणी होतात, बर्फाच्या डब्यात सुरमई होते. काका मागच्या सीटवरून हळू आवाजात मामांना काहीतरी विचारतात. मामा आरशात बघून म्हणतात, "इन्सुलीला तपासत्यात काका. बघा, तुमची मर्जी." काकांची मर्जी लगेच बदलते आणि ते कोकम सरबताची बाटली घेतात.

घरी पोचायला रात्र होते. तोवर मुलाचा फोन येऊन गेलेला असतो. तो कधीच पोचला, जेवला, झोपायच्या तयारीत आहे. विमानात तो दीड तास होता. बाकीचा दिवस सगळ्या घरानं मिळून त्याच्यासाठी खर्च केला. हिशेबाला बसलं तर तिकिटात वाचलेले पैसे गाडीला, गाडीतून उरलेले सुरमईला, असा तो सरळ शून्यावर येतो. पण मोबाइलवरून मागवलेली ती शिस्तीची गाडी आली असती, तर आजऱ्याला डबा गेला नसता, वहिनींना औषध मिळालं नसतं, आणि निपाणीच्या परीक्षेला कुणी पोचलं नसतं. दारातून दारात नेण्याचं काम कुठलीही गाडी करते. मधल्या दारांवर थांबायचं काम फक्त मामा करतात, आणि त्याचं वेगळं भाडं लावत नाहीत. माझ्या मते हा सौदा स्वस्तच आहे.

तेव्हा कोल्हापुरातून गोव्याचं विमान पकडणाऱ्यांना एवढंच सांगणं: गाडी ठरवण्याआधी तिकिटावरची तीन अक्षरं वाचा. जीओआय असेल तर दाबोळी, जीओएक्स असेल तर मोपा. हे मामांना निघताना सांगा, बांद्याला नको. आणि गाडीत एखादी जागा रिकामी राहणार असेल तर आम्हालाही कळवा. आमच्या आत्याचं आजऱ्याला एक छोटं काम राहिलंय.