अर्धा ब्रास वाळू

पेव्हर ब्लॉकचं आवार ब्लॉकांवर टिकत नाही, ब्लॉकांमधल्या फटींत भरलेल्या वाळूवर टिकतं, असं माझं ठाम मत आहे. आणि हे मत कुठल्याही हाउसिंग सोसायटीच्या वार्षिक सभेत मांडलं तर अध्यक्ष तुम्हाला प्रेमाने खाली बसायला सांगतील याचीही मला खात्री आहे. सभेला रस असतो तो रंगात. लाल-पिवळा की लाल-करडा, यावरून ए विंग आणि बी विंग यांचं बोलणं बंद होतं. झिगझॅग घ्यावा की डंबेल, यावर प्रत्येक सोसायटीत असतातच असे एक निवृत्त अभियंते पाऊण तास बोलतात. ब्लॉक किती जाड हवा, काँक्रीट कुठल्या ग्रेडचं हवं, याची चौकशी होते, कारण भारतीय मानकात त्याचे तक्ते आहेत आणि तक्ता दाखवला की सभा गप्प बसते. वाळू मात्र कोटेशनच्या शेवटच्या ओळीत, ‘इतर किरकोळ’ या सदरात, कामगारांच्या चहापाण्याशेजारी अंग चोरून बसलेली असते.

आता थोडा हिशोब. पाच हजार चौरस फुटांचं आवार धरा आणि त्यावर २०० बाय १०० मिलिमीटरचे, ६० मिलिमीटर जाडीचे साधे आयताकृती ब्लॉक. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शनानुसार दोन ब्लॉकांत २ ते ४ मिलिमीटर फट ठेवायची असते; आपण मधली ३ घेऊ. तर ब्लॉक लागतात सुमारे २२ हजार, त्यांचं वजन भरतं ६० टनांहून जास्त, आणि सगळ्या फटी तळापासून भरायला वाळू लागते जेमतेम अर्धा ब्रास. तीसुद्धा पूर्ण अर्धा नाही. राज्य सरकारने २०२३च्या धोरणात डेपोवरच्या वाळूचा दर ब्रासला ६०० रुपये ठेवला होता. वाळू दारात येईपर्यंत काय होतं हे सर्वांना ठाऊक आहे, म्हणून दहापट धरा. तरी तीन हजारांत काम भागतं. रंगावरच्या चर्चेत याहून जास्त रुपयांचे समोसे संपतात.

एवढीशी वाळू असं करते तरी काय? गाडीचं चाक एका ब्लॉकवर येतं तेव्हा तो खाली जायला बघतो. फटीत वाळू ठासून भरलेली असेल तर तिच्या घर्षणामुळे शेजारचे ब्लॉकही त्याचा भार उचलतात, आणि त्यांचे शेजारी त्यांचा. गच्च भरलेल्या विरार लोकलमध्ये कितीही धक्के बसले तरी कोणी पडत नाही, त्यातलाच हा प्रकार. वाळू नसली की प्रत्येक ब्लॉक एकटा. चाकाचा सगळा भार त्याच्या तळाखालच्या वाळूच्या थरावर येतो, ती वाळू बाजूला सरकते, ब्लॉक कलतो, आणि पावसाळ्यात त्याच्या पोटात पाणी साठतं. मग एखाद्या सकाळी इस्त्रीच्या पँटीतले गृहस्थ त्याच्या एका कोपऱ्यावर पाय ठेवतात आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पिचकारी शेजारच्या गृहस्थांवर उडते. लोक यासाठी ब्लॉकला शिव्या देतात. ब्लॉक बिचारा अखंड असतो. उचलून पाहा, तडासुद्धा गेलेला नसतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: ‘मग फटच कशाला ठेवता? चिकटवून बसवा.’ चिकटवलेल्या ब्लॉकांच्या कडा एकमेकांवर घासून तुटतात, म्हणून फट हवी. ‘बरं, मग फटीत सिमेंट भरा.’ हा आक्षेप सहसा निवृत्त अभियंत्यांचा असतो, त्यामुळे आदराने उत्तर देतो. उन्हाने ब्लॉक फुगतात, खालची जमीन थोडी बसते, सिमेंटला यातलं काहीच सोसत नाही आणि ते तडकतं. शिवाय पेव्हर ब्लॉकचा मोठा गुण असा की तो काढता येतो. नेदरलँड्समध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर विटांचा तुटवडा पडला तेव्हा काँक्रीटचे ब्लॉक रस्त्यांवर आले. तिथल्या पश्चिमेकडच्या गावांची जमीन इतकी मऊ की रस्ते खचतच राहतात. ते लोक ब्लॉक उचलतात, खाली वाळू घालतात, तेच ब्लॉक पुन्हा बसवतात. आपल्याकडे जमीन कमी खचते, पण गॅसची पाइपलाइन, केबल आणि पाण्याची गळती ही त्रिमूर्ती ती उणीव भरून काढते. सिमेंट भरलंत तर दर वेळी हातोडा चालवावा लागेल.

‘वाळूत गवत उगवतं’ हा आक्षेप जरा भावनिक असतो. गवताचं बी बहुतेक करून वरून येतं, वाऱ्याबरोबर. फट अर्धी रिकामी असेल तर तिथे धूळमाती साठते आणि बी सुखाने नांदतं. फट गच्च असेल तर त्याला जागा कमी मिळते. पिंपळाचं म्हणाल तर तो चौथ्या मजल्याच्या छज्ज्यावरही उगवतो, आणि तिथे वाळू कोणी भरलेली नसते. पॉलिमर मिसळलेली वाळू हाही उपाय आहे: पाणी शिंपडलं की ती घट्ट होते. पण ब्लॉक आधी पूर्ण कोरडे हवेत, वर राहिलेली भुकटी झाडून काढायला हवी, नाहीतर पांढरा थर चिकटतो, आणि नंतर दिवसभर तरी पाऊस नको. कोकणातल्या जूनकडे ही मागणी कोण नेणार?

खरा घोटाळा भरण्यातच होतो. वाळू चाळलेली, बारीक आणि कोरडी हवी. ओली वाळू फटीच्या तोंडाशीच अडकते, खाली पोकळी राहते आणि वरून काम झकास दिसतं. फोटो काढायचा, बिल द्यायचं. बरोबर पद्धत अशी की वाळू खराट्याने पसरायची, कंपन करणारं प्लेट कॉम्पॅक्टर फिरवायचं, वाळू खाली बसली की पुन्हा पसरायची, पुन्हा यंत्र फिरवायचं, फटी भरेपर्यंत. ठेकेदार हे एकदाच करतो. क्रशरची भुकटी वापरली तर पाणी धरून तिचा चिखल होतो, पण ती स्वस्त पडते आणि राखाडी रंगात खपून जाते. कडेला पक्का बांध नसेल तर बाहेरची रांग सरकते, फटी रुंदावतात आणि सगळी मेहनत गटारात जाते.

‘पण पाऊस वाळू वाहून नेणारच ना?’ थोडी नेतो. त्याहून जास्त नेते ती रोज गाडी धुण्याच्या जागी सोडलेली पाण्याची नळी, आणि दिवाळीआधी भाड्याने आणलेलं प्रेशर वॉशर. म्हणून पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरच्या कोरड्या उन्हात, दोन-चार घमेली वाळू पुन्हा झाडून भरायला हवी. तासाभराचं काम आहे. झाडूवाला म्हणतो वाळू भरणं माझ्याकडे नाही, ठेकेदार म्हणतो झाडणं माझ्याकडे नाही, वॉचमन म्हणतो गेट सोडता येत नाही, आणि सेक्रेटरी म्हणतात विषय पत्रिकेवर नाही.