पुढच्याच ठेसनावर उतरणारा

वाशीम जिल्ह्यात तालुके सहा, पण आजघडीला प्रवासी गाडी थांबते ती त्यांतल्या दोनच तालुक्यांत. अकोला-पूर्णा मार्गावरची अमनवाडी, जऊळका, वाशीम आणि केकतउमरा एवढीच काय ती ठेसनं. जऊळक्याला गाडीचं इतकं अप्रूप, की सरकारदरबारीही गावाचं नाव ‘जऊळका रेल्वे’. रिसोड, मंगरूळपीर, मानोरा या गावांनी तर स्वतःचं ठेसन कधी पाहिलंच नाही. तिथल्या पोरांची रेल्वेशी पहिली भेट व्हायची ती शेगावच्या वारीत, आईचा पदर धरून. अशा कोरडवाहू मुलखात एका ठेसनावर चढून पुढच्याच ठेसनावर उतरणाऱ्या माणसाचं पीक यावं, याचं शहाण्या लोकांना नवल वाटतं. वाटायला नको. जिथे पाणी कमी, तिथेच आंघोळीचे सोहळे जास्त असतात.

या गृहस्थांना आपण एकठेसनराव म्हणू. खरी नावं पाच गावांत पाच वेगळी. वय पन्नाशीपुढचं, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा, हातात कापडी पिशवी, आणि पिशवीत घडी घातलेला ‘देशोन्नती’. पेपर वाचायला नव्हे, बाकावर अंथरायला. प्रवास तेरा मिनिटांचा असला तरी बूड टेकायच्या आधी पेपर अंथरला जाणार, दुपट्ट्यानं खिडकीची कड पुसली जाणार, आणि समोरच्याला विचारलं जाणार, “कुठीसा जाता भाऊ?” समोरचा सांगतो, नांदेड. मग त्यानं परत विचारावं म्हणून राव थोडं थांबतात. त्यानं विचारलंच, तर बाहेर बघत म्हणतात, “आमी हे अथीसाच उतरतो.”

या जातीचं मूळ शोधायला कारंज्याला जावं लागतं. कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान, जैनांची जुनी पेठ आणि कापसाचा बाजार. मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जाणारी ‘शकुंतला’ याच गावावरून धावायची. ‘धावायची’ हे आपलं म्हणायचं. ११३ किलोमीटरला तिला सहा-सात तास लागत. दोन रुळांत अंतर दोन फूट सहा इंच, मालक किलिक निक्सन ही खासगी कंपनी, आणि काम वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरला बड्या लाइनीपर्यंत पोचवायचं, म्हणजे पुढे तो मुंबईमार्गे मँचेस्टरला रवाना. देशातल्या रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं, त्यात ही कशी कोण जाणे बाहेरच राहिली, आणि स्वतंत्र देशाची रेल्वे कंपनीच्या रुळांवरून गाडी चालवत राहिली. इंजिनही मँचेस्टरचंच, १९२१ सालचं, वाफेचं. ते १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल आलं. सत्तर वर्षं सेवा. आपल्याकडे एवढी चाकरी फक्त आमदाराचा स्वीय सहायक करतो.

तर या गाडीला ठेसनं होती खेड्याखेड्यांना. एका खेड्यातून दुसऱ्या खेड्यात धुऱ्याधुऱ्यानं निघालं तर माणूस दीड-दोन तासांत पोचायचा. गाडीनं जायचं तर आधी गाडी यायला हवी. ती वेळेवर आली तर लोक घड्याळ कानाला लावून बघत. एकठेसनरावांचे वडील, ज्यांना आपण मूळ एकठेसनराव समजू, सकाळी भाकर खाऊन ठेसनावर येत, निंबाच्या सावलीत दोन तास बसत, तंबाखू मळत, गाडी आली की चढत, अर्धा तास हलत-डुलत पुढच्या गावी जात. कर्मचारी हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे. तिकीट फाडणं, सिग्नल देणं, इंजिन जोडणं-सोडणं, सगळी कामं त्यांच्याचकडे. त्यामुळे ओळख पक्की. “आज उशीर केला बाप्पा तुमी,” असं गाडीनं प्रवाशाला म्हणावं, की प्रवाशानं गाडीला, याचा निकाल दोघांनाही लागत नसे.

खरी गंमत परतीची. गाडी एकच. ती गेली की तीच परत यायची, आणि येईस्तोवर काळोख. म्हणून मूळ एकठेसनराव जाताना गाडीनं जात आणि येताना, काम आटोपलं की, धुऱ्याधुऱ्यानं चालत घरी येत. अंतर तेवढंच, वाट तीच, ऊन जास्त. म्हणजे चालता येत नव्हतं असं नाही. मग जाताना गाडी कशाला? यावर त्यांचं उत्तर तयार असे.

“पायानं गेलं त इवाई म्हन्ते, कायले आला? गाडीनं गेलं त म्हन्ते, या, बसा.”

एवढ्या एका वाक्यात सगळा रेल्वेशास्त्राचा अर्क आहे. पायी आलेला माणूस उसने मागायला आलेला वाटतो, गाडीतून उतरलेला पाहुणा ठरतो. उतरणाऱ्याला घ्यायला कुणी येतं, पायी येणाऱ्यावर कुत्रं भुंकतं. एकठेसनराव आळशी आहेत असा गावात समज आहे, तो साफ चूक. आषाढीच्या आधी शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते आणि मेडशी, शिरपूर, रिसोड अशी याच जिल्ह्यातून पुढे मराठवाड्यात उतरते. त्या पालखीमागे हेच राव मेडशीपासून अनवाणी चालतात. दिवसाला विसेक किलोमीटर, डोईवर ऊन नाहीतर पाऊस, टाचेला फोड, आणि तोंडानं ‘गण गण गणात बोते’. शिरपूरला लोक दुतर्फा उभे असतात, कुणी पाय धुतं, कुणी चहा देतं. पाहणारं कुणी असलं की या माणसाच्या पायांत बळ येतं. नुसत्या धुऱ्यावर, ज्वारीच्या साक्षीनं चालायला ते तयार नाहीत. आता यात त्यांना हसावं, तर सकाळी मैदानात मोबाइलवर पावलं मोजून ती नातेवाइकांना पाठवणाऱ्या मंडळींनी आधी गप्प बसावं.

शकुंतला दहाएक वर्षांपासून बंद पडली आहे. रुळांवर गवत आणि बाभळी. मूळ एकठेसनराव त्याच्या आधीच गेले. धाकट्यांनी आपला मुक्काम वाशीमला हलवला.

वाशीमची लाइन मीटरगेज होती, ती २००८ मध्ये ब्रॉडगेज झाली. आता ठेसनं लांब लांब, पुढचं ठेसन पायी गाठायचं म्हटलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणजे या माणसाच्या कलेला इथे वावच उरला नसता, पण रेल्वेनं स्वतःच त्याची सोय केली. फलाटाचं तिकीट दहा रुपये, आणि पॅसेंजरचं कमीत कमी भाडंही दहा रुपये. लेकीला गाडीत बसवून द्यायला आलेला कुणीही शहाणा माणूस फलाटाचं तिकीट काढील. एकठेसनराव केकतउमऱ्याचं काढतात. “तेवढ्याच पैशात फलाटही पायनं होते, अन् मनात आलं त बसताही येते.” मनात नेहमीच येतं. लेक डब्यात शिरून “बाबा, उतरा आता” म्हणते, तोवर गाडी हललेली असते, आणि राव पेपर अंथरत असतात. केकतउमऱ्याहून परत कसं यायचं? रस्ता आहे, काळीपिवळी आहे, नाहीतर ओळखीच्या कुणाची तरी मोटरसायकल आहे. त्या फेरीचा खर्च ते हिशेबात धरत नाहीत. तो रेल्वेचा नव्हे ना!

मात्र या विद्येचं विद्यापीठ मुंबईत आहे. वऱ्हाडातला माणूस मुंबईला जातो तो दोन कारणांसाठी, दवाखाना आणि मंत्रालय. अकोल्याहून रात्री अमरावती एक्स्प्रेस धरायची, सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरायचं. तिथून पुढे एकठेसनरावांना जे दिसतं त्यानं त्यांचे डोळे भरून येतात. चिंचपोकळी आणि करी रोड जवळजवळ गळ्यात गळे घालून उभी. मरीन लाइन्सहून चर्चगेट दिसायचंच काय ते बाकी. मस्जिद आणि सँडहर्स्ट रोड यांच्यात जेवढी जागा, तेवढ्यात वाशीमला एक पाटणी चौक आणि त्याची वाहतूक कोंडी मावते. आणि तिकीट पाच रुपये! फलाटाच्या तिकिटाच्या निम्मं. ज्या देशात फलाटावर उभं राहण्यापेक्षा गाडीत बसणं स्वस्त आहे, तिथे पायी चालणं हा राव शासनाचा अवमान समजतात.

टर्मिनसहून मस्जिदला, साडूच्या दुकानी जायचं तर पायी पंधरा मिनिटांचा मामला. राव आधी तिकिटाच्या रांगेत उभे राहतात. मग इंडिकेटरखाली मान वर करून. मग लोकलमध्ये, जी अजून सुटायची आहे. खिडकी मिळाली म्हणून आनंद, पंखा फिरतो म्हणून आनंद. गाडी सुटते, ते पिशवीतून पेपर काढतात, आणि पेपर उलगडेस्तोवर मस्जिद येऊन निघूनही गेलेलं असतं. सँडहर्स्ट रोडला उतरून उलटी गाडी. साडूनं विचारलं, किती वेळ लागला, तर उत्तर, “दोन मिंटं.” गाडीतली दोन मिनिटं तेवढी खरी, बाकीचा पाऊण तास नुसता गेला.

पण त्यांचा सर्वांत गाजलेला प्रवास टर्मिनस ते चर्चगेट. ज्याला फोर्टची वाट माहीत आहे तो हुतात्मा चौकावरून वीस-पंचवीस मिनिटांत चालत चर्चगेटला पोचतो. रावांकडे मात्र रेल्वेचा नकाशा होता. नकाशात टर्मिनस एका रेघेच्या टोकाला, चर्चगेट दुसऱ्या रेघेच्या टोकाला, आणि दोन्ही रेघा भेटतात दादरला. राव नऊ किलोमीटर वर गेले, दादरच्या पुलावर गर्दीनं त्यांना उचलून पलीकडे ठेवलं, आणि दहा किलोमीटर खाली आले. मंडळी सोबत होत्या. त्यांनी दादरची गोष्ट ऐकल्याबरोबर, “तुमी या तिकून, मी जातो इकून,” म्हणून डोक्यावर पदर घेतला, एका हवालदाराला चर्चगेट विचारलं आणि शेतात निघाल्यासारख्या निघाल्या. राव घामानं निथळत बाहेर आले तेव्हा बाई फुटपाथवर बसून भुईमुगाच्या शेंगा संपवत होत्या. “काहून उशीर झाला?” यावर रावांनी जे सांगितलं ते त्यांना आजवर मान्य आहे. “तू नुसती आली. मी मुंबई पायली.”

आता तर त्यांना दादरचाही त्रास उरला नाही. भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली. साडेतेहतीस किलोमीटर, सत्तावीस स्थानकं. त्यात टर्मिनस, हुतात्मा चौक, चर्चगेट, विधान भवन ही चार ओळीनं, हाकेच्या अंतरावर. आमदार निवासातून मंत्रालयात आणि मंत्रालयातून पुन्हा टर्मिनसला जाणाऱ्या अख्ख्या विदर्भासाठी ही लाइन खणली असावी असं वाटतं. जमिनीखाली उतरायला सरकते जिने, तपासणी, पुन्हा जिने, मग दोन मिनिटं गाडी, मग तेवढेच जिने वर. फाईल मात्र होती तिथेच. ती कुठल्याच ठेसनावर उतरत नाही.

हा रोग आपल्याकडचाच असं कुणी समजू नये. लंडनच्या भुयारी रेल्वेत लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे अंतर अवघं २६० मीटर. गाडीला मिनिटही लागत नाही, आणि लिफ्टच्या रांगेला कंटाळून जिना धरावा तर कॉव्हेंट गार्डनला १९३ पायऱ्या. तरीही लोक जातात. तिथल्या वाहतूक खात्यानं शेवटी कोणत्या ठेसनापासून कोणतं ठेसन पायी किती मिनिटांवर, याचा नकाशाच छापला. हे ऐकून एकठेसनरावांनी जो प्रश्न केला तो खात्याला सुचला नव्हता. “मंग त्या नकाशाचं तिकीट कितीक?”

वाशीमकरांना मात्र अंतरांच्या बाबतीत कुणी शिकवायला जाऊ नये. गावात मध्यमेश्वराचं देऊळ आहे, आणि जुन्या ज्योतिषांची शून्य रेखांशाची रेघ तिथूनच जायची, अशी श्रद्धा आहे. ग्रीनिच वगैरे नंतरचं. राव हे पाहुण्यांना हमखास ऐकवतात, म्हणून मुलानं त्यांना नागपुरात इंग्रजांचा झिरो माइलचा खांबही दाखवायचं ठरवलं. सीताबर्डीहून चालत दहा-बारा मिनिटं. मुलगा चालू लागला. राव मेट्रोच्या जिन्यावर.

झिरो माइल हेच पुढचं ठेसन. राव उतरले, खांबाभोवती फिरले, घोडे पाहिले, जबलपूर आणि हैदराबाद इथून किती मैल ते मुलाकडून वाचून घेतलं, आणि आमचं शून्य याच्याहून जुनं, असं तिथल्या चौकीदाराला बजावलं. मग खिशातून परतीचं तिकीट काढून त्यालाच विचारलं, “सीताबर्डीची गाडी कवा हाये?”

चौकीदारानं हातानं रस्ता दाखवला. “काका, ते काय सीताबर्डी.”

“ते दिसून रायलं मले,” राव म्हणाले, “म्या गाडी इचारली.”