वेताळाचे डोळे दिसले आणि घोळ झाला

“वेताळ पडला तो डोळ्यांपायी,” असा निकाल काकूंनी दिला, तेव्हा ब्रिस्टलमधल्या आमच्या दोघींच्या घरांच्या मध्ये खांद्याएवढं लाकडी कुंपण होतं आणि त्यावरून त्यांचा रनर बीन्सचा वेल माझ्या बाजूला खुशाल लवंडला होता. विषय निघाला नातवावरून. पोरगा शनिवारी मित्रांबरोबर कुठलासा सुपरहिरोचा सिनेमा बघायला गेला आणि मध्येच झोपला म्हणे. मी म्हटलं, हल्लीच्या पोरांना कशाचं अप्रूपच नाही. काकूंनी लगेच नातवाची बाजू घेतली. त्यांच्या घरात ही परंपराच आहे. काका वेताळाच्या सिनेमात असेच घोरले होते.

आता हा वेताळ विक्रमाच्या पाठीवरचा नव्हे. हा इंद्रजाल कॉमिक्समधला, अंगाला चिकटलेल्या जांभळ्या कपड्यांतला, कवटीची अंगठी घालून गुंडांच्या जबड्यावर ठसा उमटवणारा. मूळ इंग्रजीत फँटम. ली फॉक नावाच्या अमेरिकन लेखकानं १९३६ साली तो वर्तमानपत्रातल्या चित्रपट्टीत आणला, आणि टाइम्स ऑफ इंडियानं १९६४ पासून इंद्रजालमधून तो आपल्याकडे घरोघरी पोचवला, मराठीतसुद्धा. १९९० पर्यंत ते चाललं. काकू मिरजेच्या. अंक यायचा थोरल्या भावासाठी, पण आधी वाचायच्या काकू, माडीवर बसून, भाऊ शाळेतून यायच्या आत.

“त्याचा चेहरा कधी कुणी बघितलाय का?” काकूंनी मला असं विचारलं की जणू मीच कुठे तरी पाहून आले होते. “बघेल तो भयंकर मरणानं मरतो अशी जंगलात बोलवा. बुरख्यात डोळ्यांच्या जागी कोरं पांढरं. बुबुळं नाहीत, काही नाही. शहरात जायचं तर लांब ओव्हरकोट, हॅट, काळा गॉगल. म्हणजे बुरखा काढला तरी आपल्याला काही दिसायचं नाही.”

हे मात्र खरं आहे. आणि चित्रात ते खपून जातं. पडद्यावर बिचाऱ्या बिली झेनच्या बुरख्याला दोन भोकं, आणि त्यातून सरळ बिली झेन दिसतोय. १९९६ चा तो सिनेमा. सुमारे साडेचार कोटी डॉलर घातले आणि अमेरिकेत पावणेदोन कोटींच्या आसपास सुटले. वाईट माणसं बनवत नव्हती काही. ऑस्ट्रेलिया, थायलंड कुठे कुठे जाऊन चित्रीकरण केलं होतं, आणि त्यात आपल्या खाडीपलीकडच्या स्वान्सीची कॅथरीन झेटा-जोन्स होती, विमानं पळवणाऱ्या बायकांच्या टोळीची म्होरकी. काकूंचं म्हणणं, सगळ्या सिनेमात मजा तेवढी तिला येत होती.

“पण काकू, सुपरमॅनला कुठे बुरखा आहे? त्याचा तर सगळा चेहरा उघडा. तो चालला की.”

“सुपरमॅनला चष्मा आहे,” काकू म्हणाल्या. “आणि तो चष्मा आपल्या हॉरफिल्डचा.”

हे वाक्य त्यांनी बरेच दिवस राखून ठेवलेलं असावं, कारण हातातली बादली खाली ठेवून त्या नीट कुंपणाला रेलल्या. गोष्ट अशी. १९७८ च्या सुपरमॅनमध्ये ख्रिस्तोफर रीव्हनं क्लार्क केंट केला, तो धांदरट, चष्मा सावरणारा, दारात अडखळणारा वार्ताहर, तो त्यानं कॅरी ग्रँटवरून उचलला होता. रीव्हनं स्वतःच सांगितलेलं आहे. ‘ब्रिंगिंग अप बेबी’ हा १९३८ चा सिनेमा. त्यात ग्रँट चष्मेवाला शास्त्रज्ञ असतो, डायनासोरचा सांगाडा जुळवत बसलेला, आणि एका हाडापायी आणि एका बिबट्यापायी कॅथरीन हेपबर्न त्याची पार दैना करून टाकते. आणि कॅरी ग्रँट म्हणजे कोण? आर्चिबाल्ड लीच, जन्म १८ जानेवारी १९०४, ह्यूएनडेन रोड, हॉरफिल्ड. आमच्या घरांपासून चालत जावं.

“त्याच्या आईचं माहीत आहे ना तुला?” इथे काकूंचा आवाज उतरला. शंभर वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांचीसुद्धा भानगड असली की आवाज उतरवायचा असतो. आर्ची नऊ वर्षांचा होता. शाळेतून घरी आला तर आई नाही. समुद्रावर हवापालटाला गेली म्हणाले. ती गेली होती फिशपाँड्सच्या वेड्यांच्या इस्पितळात, बापानंच घातली होती. पोराला खरी गोष्ट कळली ती तिशीत, हॉलिवूडमध्ये नाव झाल्यावर. मग तो तिला भेटायला ब्रिस्टलला यायचा. आज त्या इस्पितळाच्या जागी विद्यापीठात पोरं नर्सिंग शिकतात.

“म्हणजे हा माणूस जन्मभर आत एक आणि बाहेर एक होता,” काकू म्हणाल्या. “आत आर्ची, बाहेर कॅरी ग्रँट. क्लार्क केंटसाठी याहून चांगला नमुना कुठला मिळणार? सिनेमाला उडणारा माणूस नको असतो गं. उडणारा काय, तारेनं टांगता येतो. त्याला दारात अडखळणारा लागतो.”

मला हे पटलं, पण लगेच हो म्हटलं तर गप्पा संपतात, म्हणून मी हल्क काढला. तो तर साधा माणूसच आहे, शास्त्रज्ञ, राग आला की हिरवा होतो. मग २००३ चा आणि २००८ चा, दोन्ही सिनेमे का धड लागले नाहीत?

“कारण ऐन रंगात आल्यावर नट घरी जातो आणि कॉम्प्युटर येतो.”

यावर मला काही बोलता आलं नाही. तेच २०११ च्या ग्रीन लँटर्नचं, त्याचे तर कपडे आणि बुरखासुद्धा कॉम्प्युटरनं काढलेले. उलट आयर्न मॅनवाल्यांनी शहाणपणा केला. लोखंडी शिरस्त्राण घातलं की कॅमेरा आत न्यायचा आणि नटाचा चेहरा जवळून दाखवायचा. चित्रकथेत हे करायची कुणाला गरज पडली नव्हती.

मग काकूंनी दुसरा पत्ता टाकला. सुपरमॅनचा चष्मा हॉरफिल्डचा, तर दंड साउथमीडचे. डेव्ह प्राउझ. साडेसहा फुटी माणूस, इथे शेजारीच वाढलेला, वजन उचलण्यात तीन वर्षं ओळीनं ब्रिटिश विजेता. सुपरमॅन व्हायची त्याची स्वतःचीच इच्छा होती, पण अमेरिकनच पाहिजे म्हणाले. मग रीव्हची निवड झाली, तो काडीपैलवान. आणि कपड्यांत खोटे स्नायू भरायला तो तयार नव्हता. त्याला तालीम द्यायला कुणाला बोलावलं? प्राउझला. म्हणजे १९७८ चा सुपरमॅन, तो जगभर गाजलेला, अंगानं साउथमीड आणि स्वभावानं हॉरफिल्ड. मधलं अंतर किती, तर पायी गेलं तरी घाम येणार नाही.

“आणि प्राउझला स्वतःला काय मिळालं?” मी विचारलं, उत्तर माहीत असूनही. आमच्या गल्लीत डार्थ वेडर माहीत नसलेलं कुणी नाही. स्टार वॉर्समधल्या त्या काळ्या चिलखतात प्राउझ होता. पण त्याचं बोलणं आपल्या इकडचं, सॉमरसेटच्या शेतकऱ्यासारखं, म्हणून आवाज जेम्स अर्ल जोन्सचा घातला. आणि १९८३ साली शेवटी एकदाचा तो मुखवटा उतरतो, तर आत सेबॅस्टियन शॉ! अंग एकाचं, आवाज दुसऱ्याचा, तोंड तिसऱ्याचं.

इथे मी काकूंना पकडलं. “तरीही वेडर चालला ना? चेहरा नाही, डोळे नाहीत, तरी चालला.”

“खलनायक आहे तो,” काकू म्हणाल्या. “त्याला चेहरा नसलेलाच बरा. त्याच्या जागी आपल्याला थोडंच उभं राहायचंय?”

मी घरातून चहा आणला, कपबशी कुंपणावरून पलीकडे दिली आणि जज ड्रेडचं प्रकरण काढलं. हा इथला, ब्रिटिश. १९७७ साली ‘२००० एडी’ या साप्ताहिकात आला, जॉन वॅगनर आणि कार्लोस एझकेरा यांचा. पोलीस, न्यायाधीश, जल्लाद सगळं एकच, आणि शिरस्त्राण कधी काढत नाही. हनुवटी तेवढी दिसते. १९९५ साली स्टॅलननं त्याचा सिनेमा केला. आता स्टॅलनला पैसे मोजलेत म्हटल्यावर त्याचं तोंड झाकून कसं चालेल? काढलं शिरस्त्राण. वाचणारे चिडले, न वाचणाऱ्यांना काही कळलं नाही. २०१२ साली कार्ल अर्बननं पुन्हा केला आणि शेवटपर्यंत शिरस्त्राण काढलं नाही. समीक्षकांनी पाठ थोपटली, वाचणारे खूश झाले, आणि तिकीटबारीवर मात्र तो झोपला. त्यामुळे झाकलं तर चालतं की उघडलं तर चालतं, याचा हिशेब सरळ लागत नाही. निर्मात्यांना त्याची धास्ती असते ती काही उगीच नाही.

काकूंनी दुसऱ्या सिनेमाला प्रौढांचं प्रमाणपत्र होतं हे कारण पुढे केलं. मला ते अर्धंच पटलं.

“पण प्राउझचं मी सांगितलंच नाही पुढचं,” त्या म्हणाल्या. “आमचा मोठा प्राथमिक शाळेत होता तेव्हा टीव्हीवर ग्रीन क्रॉस मॅन लागायचा. पांढरे-हिरवे कपडे, छातीवर हिरवा चौकोनी क्रॉस. पोरं रस्ता ओलांडताना चुकली की कुठून तरी हजर. तो प्राउझच. बुरखा नाही, काही नाही. पहिल्या जाहिरातींत त्याचाही आवाज बदलला होता मेल्यांनी, नंतर त्याचा स्वतःचा ठेवला.” १९७५ ते १९९० हे काम त्यानं केलं, शाळाशाळांतून फिरला, २००० साली त्याबद्दल एमबीई मिळालं. आपल्या सगळ्या कामांत हेच थोर, असं तो सांगायचा. काकूंचा मोठा मुलगा आज पन्नाशीला आला, ग्लॉस्टर रोड ओलांडताना अजून थांबून दोन्हीकडे बघतो. इतर कुठल्या सुपरहिरोचा माणसाच्या वागण्यावर इतका परिणाम झालेला मला तरी माहीत नाही.

मग मी मूळ मुद्द्यावर आले. काकू म्हणतात, सिनेमातल्या नायकाला चेहरा हवा, त्याआड साधा माणूस हवा. मग वेताळाचे डोळे दाखवले तर बिघडलं कुठे? सकाळपासून त्या दोन्ही बाजूंनी बोलत होत्या.

काकू जरा वेळ बीन्स तोडत राहिल्या.

“डोळे दाखवले, पण त्यामागे होतं कोण?” त्या म्हणाल्या. “क्लार्क केंट घरी गेला की क्लार्क केंट असतो. वेताळ घरी गेला तरी वेताळच. त्याचा बाप वेताळ, आजा वेताळ, पोरगा होणार तोही वेताळ. हा एकविसावा. चारशे वर्षं बुरखा घालतोय, त्याला वेगळा माणूस आहे कुठे आत? आणि कॉमिक्समध्ये तो लागतही नव्हता. ती कोरी जागा माझी होती. मिरजेच्या माडीवर मी माझेच डोळे बसवत होते तिथे. आता तिथे बिली झेन येऊन बसला म्हटल्यावर मी कुठे जाऊ?”

हे मला नीट कळलं, कारण मी फास्टर फेणेवर वाढले आणि २०१७ चा सिनेमा बघायला जाताना पोटात गोळा आला होता. भा. रा. भागवतांचा बन्या फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. अमेय वाघचा बन्या पुण्यात मेडिकलच्या परीक्षेला आलेला. वय वाढवलं, मोबाइल दिले, तरी तो चालला, आणि तोंडानं ‘ट्टॉक’ केल्यावर तर थिएटरात शिट्ट्या. पण फेणे पहिल्यापासून हाडामांसाचा होता, उपाशी राहायचा, मार खायचा. ‘चिंटू’ला जास्त जड गेलं असावं. ‘सकाळ’मध्ये १९९१ पासून तीन-चार चौकटींत रोज मावणारं पोर, त्याला २०१२ मध्ये दोन तास पुरवायचे म्हणजे गोष्ट बाहेरून आणावी लागते. मला स्वतःला चौकटीतलाच बरा वाटतो.

“वेताळाला आर्डमनकडे द्यायला हवं होतं,” काकू म्हणाल्या.

आर्डमन म्हणजे आपले वॉलेस आणि ग्रॉमिटवाले, बंदराजवळचे. ग्रॉमिटला तोंडच नाही, एक शब्द बोलत नाही, आणि नुसती भुवई हलली की सगळं कळतं. १९९३ च्या ‘द राँग ट्राउझर्स’मधल्या त्या चोर पेंग्विनला तर भुवईसुद्धा नाही. डोळ्यांच्या जागी दोन काळे मणी, डोक्यावर लाल रबरी हातमोजा घालून कोंबडा झालेला, आणि तरी बघताना अंगावर काटा येतो. एकतीस वर्षांनी, २०२४ मध्ये, परत आणला तर तसाच्या तसा, कोरा. त्याच्या मनातलं आपल्याला सांगायची कुणी घाई केली नाही.

तर आर्डमनला पत्र लिहायचं ठरलंय. मसुदा माझ्याकडे लागलाय, कारण काकूंच्या मते माझं इंग्रजी ऑफिसातलं आहे. अडलंय ते रंगावर. माझा वेताळ जांभळा. काकू म्हणतात तो काही पक्का नाही; स्वीडनमध्ये तो निळा असतो, इटलीत आणि ब्राझीलमध्ये लाल, आणि खुद्द ली फॉकच्या मनात तो राखाडी होता. १९३९ साली रविवारची रंगीत पट्टी सुरू झाली तेव्हा छापखान्यात जांभळा झाला. तेव्हा करायचाच तर राखाडी करा, असा त्यांचा हट्ट आहे. मी म्हटलं, काकू, ब्रिस्टलच्या या हवेत राखाडी वेताळ दिसायचा कुणाला?