लेडी मॅकबेथचे व्यक्तिचित्रण: दहा गुणांसाठी

सर्वप्रथम पुस्तक मिटून ठेवावे. नाटक वाचून उत्तर लिहिणाऱ्यांचे गुण कापले जातात, कारण त्यांच्या लिखाणात ‘पण’ फार येतो.

पहिला शब्द ‘महत्त्वाकांक्षी’, दुसरा ‘पाताळयंत्री’. तिसऱ्या ओळीपर्यंत कैकेयी आलीच पाहिजे. मग नवरा बिचारा कसा भोळा आणि बायकोने कसे त्याचे कान भरले, ते रंगवावे. हा भोळा गडी नुकताच रणांगणात एकाला बेंबीपासून जबड्यापर्यंत उभा चिरून आला आहे आणि राजाच्या खुनाचा विचार बायकोची गाठ पडण्याआधीच, चेटकिणींच्या भाकितानंतर लगेच, त्याच्या मनात शिरला आहे. म्हणूनच पुस्तक मिटायचे.

पुरावा म्हणून ती दुष्टशक्तींना आळवते तो प्रसंग द्यावा: माझे बाईपण काढून घ्या, मला क्रौर्याने भरा. मुळात दयामाया नसलेल्या बाईला ती काढून घ्या म्हणून गयावया का करावी लागली, हे विचारू नये. झोपलेला राजा डंकन तिला बापासारखा दिसला आणि हात उचलला नाही, हेही गाळावे. सुरे खोलीत परत तीच ठेवून आली, हे अधोरेखित करावे. ते बाहेर घेऊन आलेला गोंधळी नवराच होता, हे बारीक अक्षरात.

खरी अडचण तिसऱ्या अंकात येते. साथीदार सरदार बँकोला मारायचा बेत मॅकबेथ तिच्यापासून लपवतो. पुढे सरदार मॅकडफच्या बायकापोरांची कत्तलही तिला न विचारता होते. सूत्रधारच कारस्थानाबाहेर! अशा वेळी थेट झोपेत चालण्याच्या प्रसंगावर उडी मारावी आणि ‘करावे तसे भरावे’ लिहून मोकळे व्हावे.

तिला मुले किती होती, या फंदात पडू नये. असल्या शोधांची खिल्ली उडवायला समीक्षक एल. सी. नाइट्सने १९३३ साली निबंधाचे शीर्षकच तसे ठेवले. लोक अजून मोजताहेत. इतिहास तर नकोच. खरा डंकन १०४० साली मॅकबेथशी लढताना पडला, बिछान्यात नव्हे. तिथे बायकोवर खापर फोडायची सोयच नाही.

शेवटी मृत्यू. तो पडद्यामागे होतो. बायकांचा आक्रोश ऐकू येतो, एका ओळीत बातमी येते आणि नवरा आयुष्याच्या फोलपणावर बोलू लागतो. ते भाषण पाठ करून पुरवणीत पूर्ण उतरवावे. प्रश्न तिच्यावर असला तरी चालते.