वीतभर फुलकिडा

औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या माळावर लायगो-इंडिया ही वेधशाळा व्हायची आहे. काटकोनात दोन बाहू, एकेक 4 किलोमीटरचा. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली, खर्च 2,600 कोटी रुपये. अब्जावधी वर्षांपूर्वी कुठे दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली, तर त्या हादऱ्याने या बाहूंची लांबी बदलते ती प्रोटॉनच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकी, आणि तेवढं मोजायचं आहे. अशा जिल्ह्यात राहून हळदीच्या पानावरचा फुलकिडा दिसेना म्हणून शेजाऱ्याकडे भिंग मागायला जाणं आपल्याला शोभत नाही. कपाटात, लग्नाच्या अल्बमांच्या मागे, जुना हँडीकॅम पडलेला असतो. तो काढावा. मंत्रिमंडळाची मंजुरी लागत नाही, आईची लागते.

कॅमेऱ्याच्या अंगावर ‘800 एक्स’ असं ठसठशीत लिहिलेलं असेल. या आकड्याकडे लग्नाच्या बायोडेटातल्या पगाराकडे बघतात तसं बघावं. त्यातलं खरं भिंगाचं झूम वीस-पंचवीस पट. उरलेलं डिजिटल झूम, म्हणजे आहे तेच चित्र ताणून त्याचे चौकोन मोठे करणं. मेनूत जाऊन ते आधी बंद करावं. शिवाय झूम लांबचं जवळ आणतं, जवळचं मोठं करत नाही. पूर्ण झूम लावून कॅमेरा पानाजवळ नेला की समोर नुसता हिरवा धूर दिसतो, आणि घरातले म्हणतात, बिघडला.

खरी युक्ती उलट्या लेन्सची. गावातल्या जुन्या फोटो स्टुडिओत जावं. मालक आता आधारचे आणि परीक्षेच्या फॉर्मचे फोटो काढत असतो. रोलच्या कॅमेऱ्याची 50 मिलिमीटरची लेन्स त्याच्या टेबलाच्या खणात असते. ‘एक दिवसासाठी’ म्हणून आणावी. तिचं छिद्र पूर्ण उघडावं आणि ती तोंडाला तोंड लावून हँडीकॅमवर चिकटपट्टीने बसवावी. हँडीकॅमचं झूम शेवटपर्यंत न्यावं, नाहीतर चित्राभोवती काळं कडं दिसतं. फोकस हाताने करायच्या पद्धतीवर टाकून ‘अनंत’वर ठेवावा. आता उलट्या लेन्सपासून चार-साडेचार सेंटिमीटरवर काय आहे, तेवढंच दिसेल.

हिशेबही सोपा आहे. हँडीकॅमच्या लेन्सचं नाभीय अंतर भागिले उलट्या लेन्सचं नाभीय अंतर. पूर्ण झूमला घरगुती कॅमेऱ्याचं अंतर साधारण 45-50 मिलिमीटर भरतं, म्हणजे उत्तर एकच्या आसपास. एक पट! इथे पुष्कळांचा धीर सुटतो. पण आतली चिप पुष्कळ मॉडेलांत जेमतेम अडीच मिलिमीटर रुंद असते आणि बैठकीतल्या जुन्या 21 इंची टीव्हीचा पडदा 40 सेंटिमीटरच्या आसपास. पिवळी पिन टीव्हीला जोडली की झाले 160 पट. विश्वास नसेल तर शाळेची पट्टी भिंगाखाली धरावी आणि टीव्हीवर टेप लावून एक मिलिमीटर किती सेंटिमीटर झाला ते मोजावं. मिलिमीटरभराचा फुलकिडा त्या पडद्यावर वीतभर होतो. झालरीचे पंख दिसतात, पानाला खरवडणारं तोंड दिसतं. वडील म्हणतात, ‘हे आपल्या रानात हाय?’ आणि चहा तसाच ठेवून उठतात.

इथवर कृती कोणालाही जमेल. पुढे अडचण वेगळीच आहे. 160 पट फक्त किडा होत नाही. हादराही 160 पट होतो. पंखा फिरतो, किडा नाचतो. स्वयंपाकघरात मिक्सरवर शेंगदाण्याचा कूट सुरू झाला की किडा पडद्याबाहेर जाऊन परत येतो. आजी देवघरातून ओसरीपर्यंत चालत आली तर तिची पावलं मोजता येतात. वर ती विचारणार, ‘काय बघू लालास रे बाबू?’ आणि टेबलाला हात टेकूनच विचारणार.

हा प्रश्न दुधाळ्याच्या शास्त्रज्ञांनाही येणार आहे, फक्त त्यांच्याकडे आजीच्या जागी ट्रक आणि आगगाड्या असतील. त्यांचे आरसे 40 किलोचे. काचेच्या बारीक तंतूंवर, एकाखाली एक अशा चार टप्प्यांच्या लंबकात ते टांगलेले असतील, म्हणजे जमिनीची थरथर खाली पोचेपर्यंत विरते. आपल्याला घरच्या घरी तेवढं नको. स्कूटरची जुनी ट्यूब अर्धी हवा भरून फरशीवर ठेवावी आणि तिच्यावर दगडी पाटा. पाट्यावर कॅमेरा आणि पान, दोन्ही. एकच ठेवलं तर सगळी मेहनत वाया. वजनदार पाटा आणि मऊ ट्यूब मिळून बारीक थरथर गिळतात. वरवंटा मात्र खाली उतरवून ठेवावा. पाटा ओल्या चटणीचा असेल तर मुंग्यांचं चित्रीकरण आपोआप होतं.

भूकंपावर उपाय नाही. 21 मार्च 2024 च्या सकाळी जिल्ह्यात 4.5 तीव्रतेचा धक्का बसला, 10 जुलैला पुन्हा तेवढाच. वसमत तालुक्यातल्या पांगरा शिंदेच्या लोकांना तर जमिनीतले आवाज नवे नाहीत. असं काही झालं तर किड्याला सोडावं आणि अंगणात यावं.

सगळ्यात उत्तम मुहूर्त म्हणजे लाईट गेल्यावरचा. पंखा बंद, मिक्सर बंद, शेजारची मोटार बंद, आणि हँडीकॅम बॅटरीवर. 2,600 कोटींत न मिळणारी शांतता आपल्याकडे फुकट आणि रोज येते. टीव्हीही बंद असतो ही अडचण आहे खरी. तेव्हा टेपवर चित्रण करून लाईट आल्यावर बघावं. उजेडासाठी एलईडी बॅटरी बाजूने, तिरपी धरावी. लग्नातला हॅलोजन वापरू नये, पान दहा मिनिटांत वाळतं आणि किडा त्याआधी निघून जातो. फोकस साधताना कॅमेरा हलवू नये, पान हलवावं, तेही खाली वहीचं एकेक पान सरकवत. स्पष्ट दिसणारा थर तेवढाच पातळ असतो.

एवढं जमलं की हळदीची पूड बघावी. वसमत हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, तेव्हा घरची असेल तर अभिमानाने बघावी. पिवळ्या दगडांचा डोंगर दिसतो. त्यानंतर पाहुणे येऊ लागतात. सतराव्या शतकात डेल्फ्टचा कापड व्यापारी लेव्हेनहुक मण्याएवढ्या एकाच भिंगातून सूक्ष्म जीव बघायचा आणि आपली सर्वांत चांगली भिंगं आल्या-गेल्याला दाखवत नसे. त्याला कोणी संशयी म्हणेल. ज्याच्या पाट्याभोवती चुलत्यांची सहा पोरं एकदम वाकली आहेत, तो असं म्हणणार नाही.

शेवटची सूचना कॅसेटची. कोरीच घालावी. मावशीच्या लग्नाची घातली, तर अंतरपाट दूर होतो आणि पलीकडे 160 पट मोठा फुलकिडा उभा असतो. मावशी अजून औंढ्याला दर्शनाला आली की घरी थांबते, आणि तिला ती कॅसेट बघायची असते.